एक कमी ऐंशी

कुणाचं काही चुकलं की काकू खिडकीबाहेर बघायच्या.

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीतली मराठी शाळा रविवारी सकाळी एका तळघरातल्या खोलीत भरायची. एखाद्या मुलीने ‘बाळ’चं ‘बाल’ केलं, किंवा एखादा मुलगा ‘मी काल गेली’ म्हणून मोकळा झाला, की काकूंची मान शांतपणे खिडकीकडे वळायची. तळघराची खिडकी ती. तिच्यातून पार्किंगमधल्या गाड्यांची फक्त चाकं दिसायची. काकू त्या चाकांकडे असं काही बघायच्या, की तिथून कुणी ओळखीचं येणार आहे असं वाटावं. मग मान न वळवताच म्हणायच्या, “हं. पुन्हा.”

मूल पुन्हा म्हणायचं. बरोबर आलं की मान जागेवर यायची आणि काकू म्हणायच्या, “पुढे.”

एवढंच. टाळ्या नाहीत, वहीवर चिकटवायचे तारे नाहीत. इथल्या शाळांत उठता-बसता कौतुक ऐकायची सवय झालेल्या मुलांना हे सुरुवातीला जड जायचं. पहिल्या दिवशी घरी येताना माझा मुलगा गाडीत म्हणाला, “बाबा, आय थिंक शी इज बोअर्ड.” खरं तर मलाही तसंच वाटलं होतं. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं.

“अरे, चूक झाली की मूल आधी आपलं तोंड बघतं,” काकू म्हणाल्या. “तोंडावर काही सापडलं की मग तेच पाठ करतं. शब्द राहतो बाजूला.”

तुमच्याही शाळेत एखादे सर किंवा बाई असतील, ज्यांचा विषय तुम्ही कधीच विसरून गेलात, पण चुकल्यावरचा चेहरा अजून आठवतो. काकूंच्या विद्यार्थ्यांना काकूंचा चेहरा फारसा आठवत नसणार. त्यांना कान आठवत असेल. वळलेली मान, पांढरे होत चाललेले केस आणि कानातली मोत्याची कुडी.

आकडे शिकवायच्या दिवशी मात्र मानेला उसंत नसायची. मराठी आकडे इथल्या मुलांना फार छळतात, आणि त्यातही ‘एकोण’वाले. सेव्हंटी-नाइनमध्ये सेव्हंटी असतं आणि नाइन असतं. एकोणऐंशीत दोघांचाही पत्ता नाही. उलट अजून न आलेले ऐंशी आधीच येऊन बसलेले. काकू फळ्यावर आपल्या घराचा नंबर लिहायच्या, ७९. “एकोण म्हणजे एक कमी. ऐंशीला एक कमी. माझं घर नीट सांगता आलं की लाडू खायला यायचं.” मुलं ‘सत्तर-नऊ’पासून निघायची, ‘एकोणसत्तर’वर अडखळायची आणि कधी ना कधी काकूंच्या घरी पोचायची. शाळेतल्या बहुतेकांनी तो लाडू खाल्ला आहे.

मी त्यांच्या बरोबर समोर राहतो, ऐंशी नंबरात. आमच्या रस्त्यावर एका बाजूला सम आकडे आणि दुसऱ्या बाजूला विषम. कुणाशी ओळख करून द्यायची वेळ आली की काकू म्हणायच्या, “हे समोरचे. यांचं पुरं आहे, आमचं एक कमी.”

काका होते तोवर हे वाक्य नुसतं गमतीचं होतं. काका गेल्यावरही त्या तेच म्हणत राहिल्या, त्याच आवाजात. ऐकणाऱ्याने हसायचं की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं.

आता फुटबॉलबद्दल सांगायला हवं. इथला फुटबॉल, ज्यात पायाचा संबंध क्वचितच येतो.

मी एम.एस. केलं ते मध्यपश्चिमेकडच्या एका थंड शहरात, आणि येताना तिथल्या संघाचं वेड बरोबर घेऊन आलो. संघाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखू येईल ते हसतील आणि बाकीच्यांना फरक पडणार नाही. माझ्या ऐन उमेदीच्या वर्षांत हा संघ हरायचा, आणि आता माझे गुडघे दुखायला लागले तरी हरतोच आहे. सोमवारी सकाळी इथले शेजारी मला बघून आवाज खाली आणतात, दुःखाच्या घरी आल्यासारखे.

मुलगा नोकरीसाठी दूर गेला होता. बायकोची फार्मसीतली पाळी नेमकी रविवारी दुपारी असायची. त्यामुळे मी, टीव्ही आणि पराभव असे आम्ही तिघंच घरात असायचो. अशाच एका रविवारी काकू डबा परत करायला आल्या. रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात नारळाच्या चार वड्या. शाळा त्यांनी तोवर तरुण मंडळींच्या हाती सोपवली होती, आणि रविवारचं काय करायचं हे त्यांना उमगत नव्हतं. बसायचं म्हणून त्या बसल्या.

“हे सारखे एकमेकांच्या अंगावर का पडतायत?”

“चेंडू पुढे न्यायचाय, काकू. दहा यार्ड, चार प्रयत्नांत.”

“मग नेऊ द्या की.”

तेवढ्यात समालोचक म्हणाला, की या संघाचं हे रीबिल्डिंगचं वर्ष आहे.

“काय बांधतायत?” काकूंनी विचारलं.

“संघ. नव्याने उभा करतायत.”

“पाडला कुणी?”

“त्यांनीच.”

“आणि मागच्या वर्षी काय करत होते?”

“बांधतच होते.”

“मग हे बिल्डरच झाले,” काकू म्हणाल्या. “ताबा कधी देणार, तेवढं विचारून ठेव.”

त्या वर्षी आमच्या संघात नवा क्वार्टरबॅक आला होता. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे तो मुलगा, ज्याच्या हातात डाव सुरू झाला की चेंडू येतो. आपल्यापैकी कुणाकडे तो फेकायचा हे त्याने दोन-तीन क्षणांत ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याला आडवा करायला धावत सुटलेले असतात. आमचा हा पोरगा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, गालांवर अजून पुरळ. पाठीवर नंबर एकोणीस.

एकोणीसने चेंडू फेकला. तो सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला, वाढून दिल्यासारखा. काकू बसल्या आहेत हे विसरून मी एक शब्द उच्चारला. तो इथे लिहीत नाही. मुलगा खाली मान घालून मैदानाबाहेर चालत आला आणि येता येता त्याने कोचकडे पाहिलं. कोच पन्नाशी उलटलेला, जाडसर, डोक्यावर टोपी, हातात डावांचा मोठा कागद. त्याने मुलाकडे पाहिलं नाही. त्याने मान वर केली आणि तो स्टेडियमच्या दिव्यांकडे बघत राहिला. दिव्यांत बघण्यासारखं काही नव्हतं, भर दुपार होती. मुलगा बाकावर जाऊन बसला, तेव्हा कुठे कोच त्याच्या शेजारी जाऊन टेकला आणि कागदावर बोट ठेवून काही सांगायला लागला.

काकूंनी कप खाली ठेवला.

“हा मास्तर आहे,” त्या म्हणाल्या.

“कोच आहे, काकू.”

“तेच म्हणतेय मी.”

पुढच्या रविवारी एक वाजता त्या आपणहून आल्या. चिवडा घेऊन आल्या, म्हणजे बसायच्या बेताने आल्या. खेळाचे नियम त्यांनी फारसे शिकून घेतले नाहीत. त्यांचं लक्ष दोन माणसांवर होतं. कोचचं नाव मास्तर पडलं, मुलाचं एकोणीस. “विसाला एक कमी आहे,” त्या म्हणायच्या, “होईल.” क्वार्टरबॅकभोवती त्याचे सोबती जे कडं करतात त्याला इंग्रजीत पॉकेट म्हणतात. काकूंच्या तोंडी तो खिसा झाला. “अरे, एवढ्यात खिशातून बाहेर नको येऊस,” असं त्या टीव्हीला कळकळीने सांगायच्या. एकोणीस बाहेर यायचा आणि आडवा व्हायचा. काकूंची मान माझ्या खिडकीकडे वळायची. माझ्या खिडकीतून त्यांचंच घर दिसतं. स्वतःच्या दाराकडे बघत त्या म्हणायच्या, “हं. पुन्हा.”

मी त्यांच्यासारखा नव्हतो. मी इंटरनेटवर इतर चाहत्यांची मतं वाचायचो आणि सगळ्यांचं मत एकच होतं.

“काकू, या कोचला काढायला पाहिजे.”

“का?”

“का म्हणजे? हरतोय.”

“मुलगा शिकतोय ना?”

“ही काय रविवारची शाळा आहे?”

“रविवारच आहे की,” काकू म्हणाल्या आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागल्या.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही फारच वाईट हरलो. मी टीव्ही बंद करायला उठलो, तर काकू म्हणाल्या, “थांब. पाहिलंस का? आज त्याने बघितलं नाही.”

“कुणी?”

“एकोणीसने. चुकला, आणि मास्तरांकडे बघितलं नाही. सरळ जाऊन पाणी प्यायला.”

“काकू, आपण धुतले गेलोय.”

“ते असेल,” त्या म्हणाल्या. इतक्या खुशीत मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. जाताना दारात थांबून पुन्हा म्हणाल्या, “पाणी प्यायला रे सरळ जाऊन.”

ते हरण्याचे रविवार मला आता जिंकलेल्या कुठल्याही रविवारापेक्षा जवळचे वाटतात. बाहेर मेपलची पानं पडत असायची, आत आल्याच्या चहाचा वास, आणि शेजारी एक बाई, जिला गुणफलक वाचायची गरज कधी पडली नाही.

नोव्हेंबरात एकदा एक वाजला, खेळ सुरू झाला आणि काकू आल्या नाहीत. मी खिडकीतून पाहिलं. त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. रस्ता ओलांडून गेलो तर त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, एक बूट पायात, दुसरा मांडीवर. तोंड एका बाजूला किंचित ओघळलेलं. मला बघून म्हणाल्या, “चहा.” मग बुटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “चहा, चहा.”

मी नाइन-वन-वन लावला. पलीकडच्या बाईने घराचा नंबर विचारला आणि क्षणभर मला तो सांगता येईना. डोक्यात मराठीतच आला होता, एकोणऐंशी. त्याचं इंग्रजी करायला मला मध्ये थांबावं लागलं. इतकी वर्षं इथे काढून. ॲम्ब्युलन्स लवकर आली, हे आमचं नशीब.

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला होता. उजवा हात बराचसा परत आला, पाय चालता झाला, पण शब्द विस्कटले. चष्मा हवा असला की त्या ‘कुलूप’ म्हणायच्या. पाण्याला ‘मंगळवार’. मराठी निदान चुकीची तरी येत होती; इंग्रजी तर जवळजवळ गेलंच होतं.

त्यांची मुलगी मेधा कॅलिफोर्नियाहून आली. ती इथेच वाढलेली, माझ्याहून थोडी लहान, हुशार आणि आईवर फार जीव असलेली. नोकरीचं सांभाळून तिची येजा सुरू झाली. ती नसेल तेव्हा मी उपचारांच्या वेळी जाऊन बसायचो.

स्पीच थेरपिस्ट तरुण होती, गोड होती. ती चित्रांची कार्डं दाखवायची आणि काकूंनी नाव सांगायचं. एकदा तिने कंगव्याचं चित्र धरलं. काकूंनी बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “फणी.”

“फनी?” ती पोरगी गोंधळली. “व्हॉट्स फनी, डिअर?”

“फणी,” काकू ठासून म्हणाल्या.

“नो, इट्स नॉट फनी. लुक अगेन.”

मला मध्ये पडावं लागलं. मी समजावून सांगितल्यावर ती पोरगी एवढी ओशाळली, की तिने कार्डानेच तोंड झाकलं. आणि काकू हसल्या. आजारपणातलं ते पहिलं हसू. त्यांनी खिडकीकडे मान वळवली आणि म्हणाल्या, “हं. पुन्हा.” हे दोन शब्द मात्र कुठेही हरवले नव्हते. पोरगी बिचारी तीन वेळा ‘फणी’ म्हणाली. तिसऱ्यांदा ‘ण’ जवळपास आला.

पण इतर वेळी तसं नव्हतं. चुकलं की काकू आधी माझं तोंड बघायच्या. माझ्या तोंडावर काय असायचं मला ठाऊक नाही. जे असायचं ते वाचून त्या पुढचं कार्ड नको म्हणायच्या. दोन-तीनदा असं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांनी कपाला ‘शाळा’ म्हटलं तेव्हा मी मान वळवली आणि त्या खोलीच्या खिडकीतून बाहेर बघायला लागलो. इथेही पार्किंगच होतं. वरच्या मजल्यावरून अख्ख्या गाड्या दिसत होत्या. त्यातली एक मागे येऊन वळली आणि रस्त्याला लागली. मग मागून आवाज आला, “क... कप.”

मी म्हणालो, “पुढे.” माझा आवाज नीट होता, असं मला वाटतं.

डिसेंबरात काकू घरी आल्या आणि खरा प्रश्न उभा राहिला. मेधाने तो माझ्यासमोरच आईला सांगितला, आडपडदा न ठेवता.

“आई, मी तुला फोर्स करत नाहीये. पण एकटी असताना तू पडलीस, आणि फोनवर नाव, पत्ता सांगता आला नाही, तर? जानेवारीत थेरपिस्ट घरी येऊन टेस्ट घेणार आहे. तुला हेल्पसाठी कॉल करता आला, तर तू इथे राहा, मी काही बोलणार नाही. नाही आला, तर तू माझ्याकडे येतेस. घर मग विकून टाकू.”

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. देव्हारा, काकांची खुर्ची, खिडकीतली तुळस. “घर,” त्या म्हणाल्या. तो शब्द पहिल्याच खेपेला बरोबर आला.

मग आमचा अभ्यास सुरू झाला. रविवारी मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे टीव्ही बघायला जायला लागलो. जाहिराती लागल्या की मी फोनवरची बाई व्हायचो आणि इंग्रजीत विचारायचो, “तुमचं नाव काय? तुम्ही कुठे आहात?” नाव लवकर आलं. रस्त्याचं नाव आलं. ‘हेल्प’ तर छानच आलं. अडायचा तो घराचा नंबर. एकोणऐंशी म्हणा म्हटलं, तर झोपेतून उठवूनही म्हणाल्या असत्या. इंग्रजीत सांगायचं झालं की त्यांचे ओठ ‘सेव्हं’वर थांबायचे. पुढे काय आहे ते त्यांना दिसत असावं, पण तिकडे जायला वाट नव्हती. मी खिडकीबाहेर बघायचो. त्यांच्या खिडकीतून माझं घर दिसतं. इतक्या वर्षांत मी ते त्या बाजूने नीट पाहिलंच नव्हतं. मला आवडलं.

टीव्हीवर आमचा संघ नेमाने हरत होता. जानेवारीतला शेवटचा सामना मात्र अटीतटीचा झाला. शेवटची दोन मिनिटं उरली असताना चेंडू एकोणीसकडे होता. त्याने यार्डामागून यार्ड काढत संघाला पार पुढे आणलं आणि मग, नेमक्या वेळी, प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला. संपलं. कॅमेरा लगेच कोचवर गेला. तो दिव्यांकडे बघत होता. या वेळी संध्याकाळ उतरत होती आणि दिवे लागलेले होते.

एकोणीसने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो ताठ चालत आला आणि पाणी प्यायला.

काकूंनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. बोलायला शब्द जुळवावे लागले असते. त्या खटपटीत त्या पडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोचला काढल्याची बातमी आली. वर्षभर मला जे हवं होतं ते झालं होतं आणि मला ते कुणाला सांगावंसं वाटेना. संध्याकाळी गेलो तर काकूंनी माझ्याकडे बघूनच विचारलं, “मास्तर?”

मी मान हलवली.

त्यांनी बंद टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “एकोणीस?”

“तो राहील, काकू. त्याला ठेवलंय.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. जणू मास्तरांचं जे व्हायचं ते झालं, मुलाचं वर्ष वाचलं.

त्यानंतर दोन दिवसांनी थेरपिस्ट घरी आली. ती फणीवालीच पोरगी. काकूंना फोन देऊन ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिथून आपल्या फोनवर बोलायला लागली. स्वयंपाकघरात काकू, मेधा आणि मी. ‘तुमची काय अडचण आहे’ला काकूंनी उत्तर दिलं. नाव सांगितलं. रस्ता सांगितला. मेधा आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, तिचे ओठ आईबरोबर हलत होते. पलीकडून प्रश्न आला, घराचा नंबर काय?

“सेव्हं...” काकू थांबल्या. मेधाकडे पाहिलं. मेधाच्या तोंडावर सगळंच लिहिलेलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघायला मान वळवली, आणि मी खिडकीकडे वळवली.

समोर माझं घर होतं. अंगणात बर्फ. पत्रपेटीवर माझा नंबर, ऐंशी. काकूंनाही तो तिथूनच दिसत असणार.

“वन,” मागून आवाज आला. “वन लेस... एटी.”

मेधाचे ओठ हलायचे थांबले.

“वन लेस एटी,” काकू पुन्हा म्हणाल्या, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून. मी वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा उजळला होता. ज्या वाटेने त्या वर्षानुवर्षं मुलांना आपल्या घरी आणत होत्या, त्याच वाटेने त्या स्वतः घरी पोचल्या होत्या.

थेरपिस्ट आत आली. मी तिला एकोण म्हणजे काय ते समजावलं. “शी इज राइट,” मी म्हणालो, “शी इज ॲब्सोल्यूटली राइट.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हळूच म्हणाली, की हे फोनवरच्या माणसाला कळायला हवं. त्याला फक्त एटी ऐकू येईल.

“मग येतील ना ऐंशीला,” मी मेधाला म्हणालो. “समोरच आहे. मी आहेच.”

“तू रोज, चोवीस तास घरी असशील?” मेधाने विचारलं. त्यात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

काकू आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होत्या. उत्तर बरोबर आलं होतं आणि ते पुरणार नव्हतं, हे त्यांना आमच्याआधी कळलं असावं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मेधाच्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, “पुढे.”

फेब्रुवारीत मेधा त्यांना न्यायला आली. सामान आधीच गेलं होतं. विमानतळाची गाडी दारात उभी होती. काकू मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर तुळशीची कुंडी. ती विमानात नेऊ देणार नाहीत हे सांगायचं धैर्य कुणालाच होत नव्हतं. मी काचेशी वाकलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. ‘काकू, सप्टेंबरात एकोणीस परत खेळेल, फोन करू,’ असं काहीतरी. ‘काकू’पर्यंत आलो आणि तोंड वाकडं झालं. मी त्यांच्यासमोर उभा होतो आणि मला तोंड जागेवर आणता येत नव्हतं.

काकूंनी मला एक क्षण पाहिलं. मग त्यांची मान शांतपणे वळली आणि त्या पलीकडच्या काचेतून बाहेर बघायला लागल्या. तिथे बर्फाचा ढीग होता, दुसरं काही नाही. मोत्याची कुडी दिसत होती. माझं होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

मग खिडकीतून कुंडी माझ्या हातात दिली.

जूनमध्ये मेधाचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाली. मुलाला मी फोनवर कळवलं. तो आता तिशीला आलाय, मराठी तोडकीमोडकीच बोलतो. कधी, कसं, ते त्याने इंग्रजीत विचारलं. मग म्हणाला, “एकोणऐंशी.” अगदी बरोबर म्हणाला, ‘ण’सकट.

समोरच्या घरात आता एक तरुण कुटुंब राहतं. त्यांनी दारावर मोठे पितळी आकडे लावलेत, सात आणि नऊ. ऊन असलं की ते माझ्या बैठकीतून दिसतात. तुळस माझ्या खिडकीत आहे. हिवाळा कसा काढते बघू.

बायकोने रविवारची पाळी सोडली. परवा ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर सामना बघायला बसली. आमच्या संघाला नवा कोच आहे, उंच, तरतरीत. समालोचक म्हणाला की हे रीबिल्डिंगचं वर्ष आहे. एकोणीसने चेंडू फेकला आणि तो प्रतिस्पर्ध्याने झेलला. नवा कोच कडेला उभा राहून त्याच्याकडे रोखून बघत होता, हात कमरेवर. मुलगा मान वर करून बाहेर आला आणि त्याच्या समोरून सरळ पाण्याकडे गेला.

“काय झालं रे?” बायकोने विचारलं.

“चुकला.”

“मग तू तिकडे बाहेर काय बघतोयस?”

मी मान वळवली नाही. मागे टीव्हीवर शिट्टी वाजली आणि पुढचा डाव सुरू झाला.